महादेवीच्या छातीचा भार

"बसा," म्हटलं तरी महादेवी बसेना. पदराची झोळी करून तिनं गळ्यात अडकवली होती आणि दोन्ही हातांनी छाती उचलून धरली होती.

"बसलं की मान मोडतीय, मॅडम."

वय सव्वीस, पहिलंच गरोदरपण, पाचवा महिना. दुधनीहून नवऱ्याच्या टेम्पोतून ती सोलापूरला माझ्या ओपीडीत आली होती. सोबत नवरा बसवराज आणि सासू. सासूला घरात सगळे अव्वा म्हणत.

तीन आठवड्यांपूर्वी ती आली होती, तेव्हा मीच तिला परत पाठवलं होतं. या दिवसांत छाती वाढतेच, असं सांगून. पदर बाजूला करून नीट तपासलंही नव्हतं. मी सर्जन, गर्दीचा दिवस होता. कारण एवढंच.

आता तपासलं. दोन्ही स्तन बेंबीच्या खाली आले होते. कातडी ताणून चकाकत होती आणि डाव्या बाजूला खाली जखम झाली होती.

"गावात कॅन्सर म्हणत्यात," अव्वा म्हणाल्या. "कुणी करणी म्हणतंय. खरं काय ते सांगा की."

सोनोग्राफी केली. सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. महादेवीला विचारून तिचे फोटो पुण्यातल्या माझ्या सीनियर प्लास्टिक सर्जनना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"जायगँटोमास्टिया. गरोदरपणातला."

"मी फक्त पुस्तकात वाचलाय, सर."

"मीसुद्धा दोनच पाहिलेत."

मी घरच्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. गरोदरपणात शरीरात हार्मोन वाढतात. ते सगळ्यांचेच वाढतात. पण लाखात एखादीचे स्तन त्यांना प्रमाणाबाहेर दाद देतात आणि वाढतच राहतात. असं का होतं, ते अजून नीट कळलेलं नाही. यात तिची चूक नाही, कुणाची करणीही नाही.

"मूल काढलं तर थांबंल का?" बसवराजनं विचारलं.

"थांबेल कदाचित. खात्री नाही."

"मला इचारा की कुणीतरी," महादेवी म्हणाली. "मला मूल ठेवायचं हाय."

मी केसपेपरवर तिचं म्हणणं लिहून घेतलं. जखम चिघळली तर मात्र पुन्हा विचार करावा लागेल, हेही बजावलं.

वाढ रोखणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. वेग कमी झाला, थांबला नाही. दर आठवड्याला ड्रेसिंग. तिच्या मापाची ब्रेसियर कुठंच मिळेना, तेव्हा अव्वांनी नवी पेठेतून जाड सुती कापड आणलं आणि रुंद पट्ट्यांची चोळी हातानं शिवली. माझ्या गोळ्यांपेक्षा आराम त्या चोळीनं जास्त दिला.

आठवा महिना संपता संपता सिझेरियन झालं. मुलगी झाली, धडधाकट. दूध बंद करण्याचं औषध द्यावं लागलं. त्या दिवशी महादेवी रडली. एवढ्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

स्तन थोडे उतरले, पण पूर्ववत झाले नाहीत. सहा महिन्यांनी पुण्याहून सर आले, त्यांनी स्तन लहान करण्याचं ऑपरेशन केलं, मी असिस्ट केलं. साडेचार तास लागले. काढलेला भाग सहा किलो भरला.

दुसऱ्या दिवशी ती पलंगावर ताठ बसली होती.

"मॅडम, माजी पावलं दिसाय लागली."

डिस्चार्जच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर हे सगळं परत होऊ शकतं. अव्वा ऐकत होत्या. नातू हवा म्हणून त्या आता अडून बसणार, असं मी गृहीतच धरलं.

महिन्याभरानं त्या ओपीडीत आल्या. मागं बसवराज, मान खाली घालून.

"तिला लई चिरलंय तुमी," अव्वा म्हणाल्या. "आता ह्याचं करा."

पुरुष नसबंदी. वीस मिनिटांचं काम. त्यासाठी मुलाला स्वतः घेऊन आलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही. या एका घराबाबत माझे दोन अंदाज चुकले. एक पेशंट न तपासता बांधला होता, दुसरा सासूला न विचारता.