शेवटची खाट

मिरचीचा ठसका लागला की मला ती दुपार आठवते. कॉलेजच्या वसतिगृहासाठी मी लिहिलेल्या, ऑनलाइन खाटा वाटणाऱ्या सर्व्हरने शेवटची एकच खाट दोन मुलींना दिली होती. दोघी पेट्या घेऊन दारात उभ्या. त्यातली एक डोंगरातल्या पाड्यावरची. खाट गेली तर तिचं कॉलेजच सुटणार होतं. "पहिली कोण ते संध्याकाळच्या आत सांग, नाहीतर चिठ्ठी टाकते," रेक्टर बाई म्हणाल्या. मला चूक सापडेना. रडकुंडीला येऊन मी नंदुरबारच्या पथारीवर, मिरच्या वाळवायच्या मैदानावर, गेले. तिथे आई वाळत्या मिरच्या निवडते. ती म्हणाली, "अव पोरी, आठे आम्ही पहिले गोणी टाकतस, मंग इचारतस. इचारत बसशी, तवढामा दुसरी बाई जागा धरी लेस." मी थबकलेच. माझा सर्व्हर आधी विचारत होता आणि मग जागा धरत होता. मधल्या क्षणात दोघींनाही खाट रिकामी दिसली होती. म्हणजे पहिली कोणीच नव्हती. बाईंना तेच सांगावं लागलं. चिठ्ठी दुसरीच्या नावाची निघाली आणि पाड्यावरच्या मुलीने पेटी उचलली. आधी जागा अडवणाऱ्या चार ओळी मी त्यानंतर लिहिल्या. आता चूक होत नाही, पण ती मुलगी कुठे असेल, हे मला अजून माहीत नाही.