डोंगर नसलेल्या गावात डोंगरी गाडी निवडताना

दोन हजार सहाच्या वसंतात आम्हाला ब्रेडा या डच शहरात येऊन आठेक महिने झाले होते. नवऱ्याला आयटीतली नोकरी होती, मला काहीच नव्हती. पुण्यात मी सहा वर्षं मालवाहू तीनचाकी बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला होते. इथे अर्ज केला की अगदी नम्र उत्तर यायचं, डच यायला लागलं की जरूर लिहा. म्हणून आठवड्यातून दोन सकाळी मी डचच्या वर्गाला जायचे आणि बाकीचे दिवस खिडकीतून सायकली बघत काढायचे.

भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात सत्तरीला आलेलं एक जोडपं राहत होतं. ते निवृत्त सुतार, तर त्या एका शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. डचमध्ये शेजाऱ्याला ब्यूरमान म्हणतात आणि शेजारणीला ब्यूरफ्राउ, आणि हाकही तशीच मारतात. मी त्यांना तेच म्हणायचे, तेही मला ब्यूरफ्राउच म्हणायचे. माझ्या वयाला तो शब्द फार मोठा वाटायचा, पण आपल्याला कुणीतरी हाक मारतंय याचंच त्या दिवसांत बरं वाटायचं.

एका सकाळी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. ब्यूरमान कुंपणापाशी आले. हातात चार-पाच रंगीत माहितीपत्रकं होती.

"तू गाड्यांची इंजिनियर आहेस ना?"

"तीन चाकांच्या," मी म्हणाले.

"हिला चार आहेत. म्हणजे तुला सोपंच जाईल."

माहितीपत्रकांवर क्वाडची चित्रं होती. मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर टायर, पुढे आणि मागे सामान बांधायला लोखंडी जाळी. दुकानदार तिला एटीव्ही म्हणायचे. मी तशी गाडी रस्त्यावर एकदोनदा पाहिली होती, पण हिच्यावर बसून करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं.

ते त्यांनी स्वयंपाकघरात कॉफीवर सांगितलं. गेली तीस वर्षं ते दर हिवाळ्यात बेल्जियमच्या डोंगराळ जंगलात रानडुकरांच्या शिकारीला जात. आठ-नऊ जणांचा जुना गट होता, जंगलाच्या मालकाची परवानगी होती. आदल्या वर्षी त्यांनी एका घळीत डुक्कर टिपलं आणि ते वर ओढताना त्यांचा उजवा गुडघा गेला. तिथेच चिखलात बसून राहिले. शेवटी गटातल्या दोघांनी आधी डुकराला वर नेलं आणि मग त्यांना.

"त्याच क्रमाने," ते म्हणाले. "सगळे हसत होते. मीही हसलो."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "या वर्षी मी स्वतः वर येणार आहे. डुक्कर घेऊन."

मी त्यांना सांगितलं की आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. "मी तुला खायला सांगत नाही," ते म्हणाले. "तू फक्त गाडी बघ." संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला काय सांगशील, शिकारीला मदत करते म्हणून?" मी म्हणाले, "मी ब्रेक बघणार आहे." तो हसला, आणि मीही, पण माहितीपत्रकं मी जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवली होती आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात पेन्सिल होती.

त्यातली दोन मॉडेलं मी लगेच बाद केली. ती नुसती पळवायची होती. हलकी, आवाज करणारी, फक्त मागच्या चाकांना जोर. जंगलात त्या आवाजाने डुकरंच काय, झाडंसुद्धा हलली असती. उरलेल्या दोन्ही कामाच्या होत्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या. एक मोठी, जवळजवळ सातशे सीसीची आणि सव्वातीनशे किलोची. दुसरी चारशे सीसीची, बरीच हलकी आणि अरुंद. ब्यूरमानचं मन अर्थातच मोठीवर होतं. तिच्या चित्रात मागे बर्फाचा डोंगर होता.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले असताना ब्यूरफ्राउ आमच्याकडे आल्या. घरच्या बागेतली रूबार्बच्या आंबट देठांची जुडी घेऊन आल्या होत्या, ती हातातच धरून उभ्या राहिल्या.

"माझं एक काम कर," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, यातली एकही गाडी बरी नाही."

"पण तसं नसलं तर?"

"ते तुझं ऐकतील. माझं ऐकत नाहीत, कारण मी घाबरते हे त्यांना माहीत आहे. ते त्या गाडीखाली सापडतील." त्यांचा आवाज साधाच होता, पण रूबार्बचं एक पान त्यांनी बोटांनी पार चुरगाळून टाकलं होतं.

मी त्यांना आल्याचा चहा करून दिला. पुण्याच्या कारखान्यात आम्ही सिमेंटची पोती भरून तीनचाकी दिवे घाटात न्यायचो, हे त्यांना सांगितलं. मी वही घेऊन शेजारी बसायचे, चालवायला एक जुने ड्रायव्हरकाका असायचे. ते म्हणायचे, "चढ काय, कुठलीही गाडी चढते मॅडम. उतरताना काय करते ते लिहा." मी ब्यूरफ्राउंना सांगितलं, "मी खोटं सांगणार नाही. पण गाडी भरून, उतारावर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि तुम्हीही बघायला या."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "चहात मिरी आहे का?"

अडचण एवढीच होती की ब्रेडाच्या आसपास उतार नाही. दुकानदाराने मागच्या आवारात वाळूचा एक ढीग करून ठेवला होता, माझ्या खांद्याएवढा, आणि त्यालाच तो डोंगर म्हणत होता. ब्यूरमान मोठ्या क्वाडवरून त्यावर चढून उतरले आणि खूश झाले. मी म्हणाले, हे खरं नाही. कालव्याच्या बांधावर न्यावं का असं दुकानदाराने विचारलं. तिथे मेंढ्या चरत होत्या. शेवटी त्यानेच सांगितलं, दक्षिणेला लिम्बुर्गमध्ये त्याच्या ओळखीचा एक विक्रेता आहे, तो बागायतदारांना क्वाड विकतो, त्याच्या दुकानामागे चढाचं कुरण आहे आणि दोन्ही मॉडेलं त्याच्याकडे आहेत.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. गाडीच्या डिकीत मी बागेच्या दुकानातून आणलेल्या वाळूच्या तीन पिशव्या होत्या, पंचवीस किलोची एकेक. "हे काय?" ब्यूरमाननी विचारलं. "तुमचं डुक्कर," मी म्हणाले. मास्ट्रिख्टच्या पुढे रस्ता वरखाली व्हायला लागला तशी मी खिडकीची काच खाली केली. वळण, मग चढ, मग पलीकडे पुन्हा दरी. इतक्या महिन्यांत मला वळणाची आठवणही झाली नव्हती.

कुरण खरंच उभं होतं. वर सफरचंदांची बाग, खाली काटेरी झुडपांचं कुंपण. मी ब्यूरफ्राउंचे रबरी बूट घातले, एक आकडा मोठे, आणि आधी मीच दोन्ही गाड्या रिकाम्या फिरवून पाहिल्या. मग मोठीच्या मागच्या जाळीवर तिन्ही पिशव्या बांधल्या. ब्यूरमान चढायला लागले. अर्ध्यावर गेल्यावर पुढची चाकं गवतावर नुसती टेकल्यासारखी दिसू लागली. मागचं वजन गाडीला मागे ओढत होतं. मी ओरडून त्यांना हँडलवर पुढे झुकायला सांगितलं. ते झुकले आणि वर पोचले. वरून त्यांनी हात हलवला.

मग ते उतरायला लागले. या गाडीला गिअर नसलेल्या स्कूटरसारखा पट्टा होता. ॲक्सिलरेटर सोडला की पट्टा सैल व्हायचा आणि इंजिन गाडीला धरून ठेवायचं बंद करायचं. रिकामी असताना ते मला जाणवलं होतं, भरल्यावर इतकं होईल असं वाटलं नव्हतं. गाडी मोकळी सुटली. त्यांनी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, ओल्या गवतावर गाडी तिरकी झाली आणि तशीच आडवी घसरत खाली आली. कुंपणाच्या हातभर अलीकडे ती थांबली. उलटली नाही.

मी धावले. ब्यूरमान हँडल धरून बसलेले होते, चेहरा पांढरा. "ठीक आहे," ते म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं. ब्यूरफ्राउ माझ्या मागून सावकाश चालत आल्या. त्यांनी थर्मासमधून कॉफी ओतली आणि कप नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी खालून कपाला आपलाही हात लावला.  मला मात्र आतून फार लाज वाटत होती. भरलेली गाडी आधी मी उतरवून बघायला हवी होती, सत्तरीच्या माणसाला नाही. मी तसं म्हणाले. ब्यूरमान म्हणाले, "तू बसली असतीस तर मी तुझ्या घरी काय तोंड दाखवलं असतं?"

अर्ध्या तासाने मी छोटी चारशेची भरून वर नेली. उतरताना तिचं इंजिन गाडीला धरून ठेवत होतं; कमी गिअरला टाकली की ती बैलासारखी पाऊल पाऊल उतरायची. ब्रेकला नुसतं बोट लावावं लागलं. पण चढताना पुढची चाकं तिचीही हलकी होत होती, आणि कुरणाच्या कडेला ओढ्याची एक घळ होती, ती बघून मी ठरवलं की तिथे ही गाडी काय, कुठलीच गाडी मी या माणसाला नेऊ देणार नाही.

त्या घळीच्या काठावर उभी असतानाच माझं लक्ष गाडीच्या पुढच्या बाजूला गेलं. तिथे विंच होता, चिखलात रुतली तर गाडीने स्वतःला ओढून काढायचा, तारेचा दोर गुंडाळलेला.

"ब्यूरमान," मी म्हणाले, "तुम्हाला घळीत जायचंच कशाला आहे? डुकराला वर यायचंय. तुम्ही रस्त्यावर थांबा."

त्यांनी वाकून विंच बघितला. मग विक्रेत्याकडून त्यांनी एक जादा दोर मागून घेतला. आम्ही पिशव्या ताडपत्रीत बांधून घळीच्या तळाला ठेवल्या, दोर जोडला, क्वाड वर सपाटीवर उभी करून चाकांना दगड लावले. विंचला वायरच्या टोकाशी एक हिरवं आणि एक लाल बटण होतं. ब्यूरमान दोर नीट चाललाय का बघायला कडेला उभे राहिले, मी खाली खाजऱ्या पानांच्या झुडपांत. बटण दाबायला वर फक्त ब्यूरफ्राउ उरल्या.

"मी?" त्या म्हणाल्या.

"हिरवं दाबा, दुसरं काही नाही," मी खालून सांगितलं.

पंचाहत्तर किलोचं ते गाठोडं हललं आणि शांतपणे, दगडांवरून घासत, वर जायला लागलं. ब्यूरफ्राउ बटणावर अंगठा घट्ट रोवून उभ्या होत्या. गाठोडं त्यांच्या पायाशी आलं तेव्हा त्या हसायला लागल्या, आणि थांबेचनात. "पुन्हा," त्या म्हणाल्या. आम्ही ते तीनदा केलं.

परतताना गाडीत ब्यूरफ्राउंनी स्वतःच अटी सांगितल्या. छोटी घ्यायची. डोंगराच्या उतारावर आडवी न्यायची नाही, फक्त जंगलाच्या रस्त्यांवर. हेल्मेट. एकट्याने जायचं नाही. "मग कोण येणार बरोबर?" ब्यूरमाननी विचारलं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बटण कोणाला येतं?"

नोव्हेंबरात त्यांनी मला बोलावलं. जाऊ की नको यात माझे चार दिवस गेले, शेवटी गाडी कामावर बघायची म्हणून गेले. बंदुकांपासून दूर, गाड्या लावलेल्या ठिकाणी मी दिवसभर ब्यूरफ्राउंबरोबर सूप गरम करत बसले. दुपारी निरोप आला आणि आम्ही ब्यूरमानच्या मागून रस्त्याने एका घळीपर्यंत गेलो. बाकी सगळं कुरणासारखंच झालं. दोर, दगड, बटण. फक्त वर आलं ते गाठोडं नव्हतं. ओले राठ केस होते, पापण्या लांब होत्या. तरी मी तिथून हलले नाही.

ब्यूरमाननी देवदाराची एक लहान डहाळी तोडली, डुकराच्या तोंडात ठेवली आणि टोपी काढून उभे राहिले. गटातल्या बाकीच्यांनीही टोप्या काढल्या. हा त्याचा शेवटचा घास, ब्यूरफ्राउंनी मला हळूच सांगितलं. कुणी हसत नव्हतं. मीही डोक्यावरची लोकरीची टोपी काढून हातात धरली.

त्या गटातल्या एकाचा पंपांचा कारखाना होता. दोर पुलीवरून घेतला तर विंचवरचा भार किती कमी होतो, हे मी त्याला मोडक्या डचमध्ये समजावून सांगितलं, चुका ब्यूरमान दुरुस्त करत होते. नोकरी वगैरे त्यातून लगेच काही निघालं नाही. ती मला दीड वर्षाने, वेगळ्याच ठिकाणी मिळाली. पण त्या दिवशी मी अर्धा तास डच बोलले आणि मधे एकदाही इंग्रजीकडे वळले नाही, हे घरी आल्यावर बूट काढताना माझ्या लक्षात आलं.

ब्यूरमाननी ती क्वाड पुढे चार हिवाळे वापरली. मांसाचे वाटे होत तेव्हा माझ्या वाट्याला ते त्याच डोंगरातल्या चेस्टनटची पिशवी आणायचे, धुऊन, निवडून, प्रत्येकाला चाकूने चीर देऊन. ते मी तव्यावर भाजायचे आणि अर्धे कुंपणावरून परत द्यायचे, मीठ आणि तिखट लावून. ब्यूरफ्राउ म्हणायच्या, यातही मिरी आहे का?