नऊ नंबरवरचा संशय

सिक्स्टन ब्रोमान विकला गेला होता, यावर आमच्या गावात दुमत नव्हतं. फक्त तोंडावर कुणी बोलत नसे. आमच्याकडे संशय आला की कॉफी ओततात.

पोरवयातच तो गावच्या फुटबॉल संघात आला आणि डाव्या पायाने गोल मारत सुटला. शहरातल्या मोठ्या क्लबने त्याला नेलं, तिथेही त्याने चार हंगाम गाजवले. मग अचानक परत आला. का, ते सांगितलं नाही. तेही मला खटकलंच. आम्ही त्याला पुन्हा नऊ नंबरची जर्सी दिली. त्याच वर्षी शेजारच्या हेस्टविकला हरवलं असतं तर आम्ही वरच्या विभागात गेलो असतो. शेवटच्या मिनिटाला गोल मोकळा, चेंडू पायाशी, आणि या पठ्ठ्याने हवेत लाथ मारली! त्याची बायको हेस्टविकची. आणखी काय पुरावा हवा?

यंदा मूस हरणांच्या शिकारीत तो हेस्टविकच्या हद्दीवर उभा होता, मी त्याच्या शेजारच्या जागेवर. त्याच्यासमोरून एकटी मादी गेली. त्याने बंदूक उचलली आणि खाली घेतली. थोड्याच वेळात हेस्टविकच्या बाजूने बार ऐकू आला.

खोपटात सॉसेज भाजताना आमचा म्होरक्या अल्गॉट म्हणाला, "काय रे, सासरवाडीला आहेर पाठवलास वाटतं?"

सगळे हसले. सिक्स्टन नाही हसला. "तिच्यामागे आणखी एक होतं, पिल्लूच असणार. पिल्लाच्या आईला मारत नाहीत."

"कसलं पिल्लू? थापा नको मारूस!" मी उसळले. "एकटी होती ती."

"नक्की, गुनव्हॉर?"

"नक्की."

त्याने कप खाली ठेवला. "शहरात एका सामन्यात डोकं आपटलं. तेव्हापासून मधूनच एकाचे दोन दिसतात. मला वाटलं, आता थांबलंय."

अल्गॉटने हातातलं सॉसेज खाली ठेवलं. "म्हणजे हेस्टविकच्या सामन्यात..."

"दोन चेंडू होते. मी डावीकडचा मारला."

"अरे गाढवा, मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर खेळू दिलं असतंत?"

मला भयंकर लाज वाटली. सिक्स्टनने बंदुकीचा बोल्ट, ज्याच्याशिवाय बार उडत नाही, तो काढून अल्गॉटपुढे ठेवला. "जंगलात माणसंही असतात," तो म्हणाला.

अल्गॉटने बोल्ट परत त्याच्याकडे सरकवायला हात पुढे केला, मग माझ्याकडे पाहिलं. शिकारीत सिक्स्टनच्या सगळ्यात जवळ मीच उभी असते. मी मान हलवली. नाही म्हणून.