वाढत्या अंगाचा सदरा

आमच्या अमरावतीत तेव्हा मिसरूड फुटायच्या आधी पोराला आखाड्याचं वेड लागायचं. मलाही लागलं, त्यातही मल्लखांबाचं. पण उंचीने मी वर्गात सगळ्यांत ठेंगू. वडील दर दिवाळीला वाढत्या अंगाचा सदरा शिवून घ्यायचे आणि दर दिवाळीला त्याच्या बाह्या माझी बोटं झाकायच्या. अंग काही वाढायचं नाही.

मी आठवीत असताना दिवाळीला अकोल्याकडच्या हिवरखेडहून मामा आले. त्यांच्या बैलजोडीला पंचक्रोशीत तोड नव्हती, त्यामुळे वाढीच्या बाबतीत आमचे वकील वडीलसुद्धा त्यांचाच शब्द मानत. सदऱ्यात बुडालेला भाचा पाहून मामा त्यांना म्हणाले, "भाऊजी, लहान्या गोऱ्ह्याले आमी जुवाले लावत नाई. त्याची वाढच खुटते. या पोराले काहून जुंपून राहिले आखाड्यात?"

वडिलांनी मान डोलावली. मल्लखांब सुटला तर माझ्याजवळ उरत होतं काय? तोंडाचा मी पहिल्यापासून तिखट. म्हणालो, "मामा, जुवाले लावत नाई, पण वावरात हुंदडू देता ना? का दावणीलेच बांधून ठेवता?"

वडिलांनी डोळे वटारले. मामा मात्र हसले. "बरं. पुढच्या दिवाळीले हाच सदरा घालून दाखव. तोकडा पडला त आखाडा चालू, नाई त बंद."

मग वर्षभर मी मल्लखांब सोडला नाही. रोज घाम, वर आईच्या हातची ज्वारीची भाकर, ताक, आणि पाठ टेकताच झोप. माझा मुलगा पुढे डॉक्टर झाला. तो सांगतो, त्या वयात वाढीचं संप्रेरक अंगात आपसूकच वाढतं. व्यायामाचा आणि गाढ झोपेचा त्याला हातभार लागतो, एवढंच. असेल. मी श्रेय मल्लखांबालाच देतो आणि त्यावर वाद ऐकून घेत नाही.

पुढच्या दिवाळीला मामांसमोर तो सदरा चढवला. बाह्या मनगटाच्या वर गेल्या, गुंडी लागेना, आणि हात उचलले तशी पाठीची शिवण टर्रकन उसवली. आईला हसू आवरेना. इतका अभिमान मला पुढे पदवीचाही वाटला नाही.

मामा मला स्वतः शिंप्याकडे घेऊन गेले. मापाचा शिवू का, शिंप्याने विचारलं. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता त्यांना तो वर उचलावा लागत होता.

"वाढत्या अंगाचाच शिव," ते म्हणाले. "आमचा गोऱ्हा अजून थांबला नाई."