मावसभावाचं नाव

मुलाला खराडीत नोकरी लागली आणि त्यानं मला मार्केट यार्डातली हमाली सोडायला लावली. तेव्हापासून सकाळी कर्वेनगरच्या बागेत हास्यक्लबला जातो. मी चौथी नापास, पण हसायला परीक्षा लागत नाही.

तिथे दोन म्हातारे यायचे. एकाला विस्मरणाचा आजार. दुसरा त्याच्या बुटाची नाडी बांधायचा, तोंड पुसायचा आणि सांगायचा, "हा माझा मावसभाऊ." मी विचारायचो, "अहो, मावशी कुठली तुमची?" तर दर वेळी गाव वेगळं. दोघांत विसराळू नक्की कोण, तेच कळेना.

क्लबच्या वाढदिवसाला सगळ्यांनी उखाण्यात आपापल्या जोडीदाराचं नाव घेतलं. आजारी म्हातारा आपणहून उठला. "बागेत फुलली जाई," म्हणाला, आणि मावसभावाचं नाव घेऊन पुढे, "शिवाय मला करमत नाही."

एकही टाळी पडली नाही. त्या दोघांचा घरमालक पुढच्याच खुर्चीत. मावसभावाचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाला, "जन्मभर दोघांनी लपवलं. आता हा लपवायचंच विसरला. खोली गेली तर नवी जागा याला ओळखू येणार नाही हो."

मी यार्डातला आवाज काढला. "यमक जुळलंय ना? मग टाळ्या वाजवा की."

घरमालकानं माझ्याकडे पाहिलं, त्या आजारी माणसाकडे पाहिलं आणि वाजवल्या.

"आता तुमची पाळी," मी मावसभावाला म्हणालो.

"मला उखाणा येत नाही."

"मग नुसतं नाव घ्या."

त्यानं घेतलं, इतक्या मोठ्यानं की फाटकाबाहेरची माणसं वळून पाहायला लागली.