शशीचं ‘नाही’

सुप्रभा विनिपेगची. मराठी तिनं साताऱ्याच्या आईकडून उचललेलं, त्यामुळे शब्द साताऱ्याचे आणि सूर कॅनडाचा. धक्का दुसऱ्यानं मारला तरी ‘‘सॉरी, एह!’’ हीच म्हणणार. नवरा शशी मात्र अस्सल नागपुरी. दोघं मिळून इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये इन्स्टॉलेशन करायची. म्हणजे काय, तर रिकाम्या हॉलमध्ये छताला जुने कोट टांगायचे आणि खिशांत छोटे स्पीकर दडवायचे. जवळून गेलात की एक कोट खोकणार, दुसरा बस चुकली म्हणून कुरकुरणार. टांगायचं काम तिचं, आवाजाचं त्याचं.

भांडायचं दोघांचं. काहीही दाखवा, शशी डोळे बारीक करून म्हणायचा, ‘‘नाही. भंगार आहे. काढ सगळं.’’ ती थयथयाट करायची, काढायची, पुन्हा टांगायची. तो गप्प झाला की काम संपलं. लग्न झाल्यापासून त्याच्या ‘नाही’शिवाय एकही काम पुरं झालं नव्हतं.

गेल्या वर्षी मेमरी क्लिनिकच्या डॉक्टरांनी मऊ आवाजात सांगायचं ते सांगितलं. तेव्हापासून शशीला सगळंच आवडायला लागलं. गार चहा? छान. उलटा स्वेटर? मस्तच!

नव्या कामाचं उद्या उद्घाटन होतं. गॅलरीची तनू ‘‘अमेझिंग! सो मूव्हिंग!’’ करून गेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘‘लव्हली, मी डक,’’ म्हणजे लेस्टरच्या लाडक्या बोलीत ‘छान गं बाई’. काहीतरी चुकतंय हे सुप्रभाला दिसत होतं. काय, ते कळत नव्हतं. ते फक्त शशीला कळायचं.

तिनं मुद्दाम सगळे कोट भिंतीकडे तोंड करून फिरवले, सगळे आवाज एकदम सोडले. नुसता मासळीबाजार!

‘‘कसं वाटतंय, शशी?’’

‘‘छान आहे ना!’’

‘‘नीट ऐक, प्लीज. शिव्या दे मला.’’

‘‘तुला? कायले?’’

मग तिनं शेवटचा उपाय काढला. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानं काढलेली तिची खरडपट्टी सापडली होती. ती मधल्या काळ्या कोटात लावली आणि बाकीचे आवाज बंद केले.

कोट कडाडला, ‘‘नाही, सुप्रभा! भंगार आहे! काढ सगळं!’’

तिचा हात आपोआप शिडीकडे गेला.

शशीनं कोटाकडे रोखून पाहिलं. कपाळावर आठी पडली, खरीखुरी, जुनी.

‘‘कोण बे हा?’’ तो म्हणाला. ‘‘किती खडूस माणूस! तू लक्ष नको देऊ. छान झालंय.’’

सुप्रभानं शिडी भिंतीला टेकवून ठेवली. कोट तसेच राहिले, पाठमोरे. दुसऱ्या दिवशी दारावर दोघांची नावं होती, आणि आत येणारा जो तो म्हणत होता, ‘‘लव्हली!’’

सगळ्यात मोठ्यानं शशी.