चौथ्या पिंजऱ्यातलं रक्त

सोळा वर्षं मावशी प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुतात, भुसा बदलतात. कंत्राट दरवर्षी नवं. शिकलेली मंडळी त्यांना 'पिंजरेवाल्या' म्हणतात आणि उंदीर मलूल दिसला की त्यांनाच शोधत येतात.

या खेपेला कॅन्सरची गाठ असलेल्या निम्म्या उंदरांना किरण दिले होते. किरणांनी गाठ जळते. पण शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होते का, ते रक्तातल्या खुणांवरून बघायचं होतं. निकालात किरणवाल्यांच्या खुणा चांगल्याच वाढलेल्या, सगळ्यात जास्त चौथ्या पिंजऱ्यात. प्रयोग करणाऱ्या डॉक्टर मॅडम चार वाजता तो तक्ता प्रयोगशाळेच्या साहेबांपुढे ठेवणार होत्या.

टेबलावरचा तक्ता बघून मावशींच्या लक्षात आलं. सोमवारी एक पिंजरा तडकला, तेव्हा त्यातले दोन नर त्यांनीच चौथ्यात सोडले होते, न विचारता. परके नर एकत्र आले की चावाचावी ठरलेली. जखमेनंही त्या खुणा वाढतात, हे मॅडमच एकदा बोलल्या होत्या. आणि रक्त घेतलं गुरुवारी.

त्यांनी मला फोन केला. संघटनेतर्फे कंत्राटी बायकांची भांडणं मी अंगावर घेते ना.

"गप्प बसा," मी म्हटलं. "कंत्राट महिन्यावर आलंय. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला?"

"आणि उद्या ह्या कागदाच्या भरवशावर कुणाच्या बापाला किरण दिले, तर तो तुझ्या संघटनेत येणार का भांडायला?"

मी चिडून फोन ठेवला.

साडेतीनला मावशी मॅडमच्या दारात.

"मावशी, आत्ता नको."

"आत्ताच. चारनंतर माझं कोण ऐकतंय."

सगळं ऐकून मॅडम पांढऱ्या पडल्या. "सहा आठवडे पाण्यात गेले, कळतंय का?"

"माझ्या तर पोटावर पाय येईल. तरी आले ना सांगायला?"

मॅडमनी चौथ्या पिंजऱ्यातला एकेक उंदीर हातात घेऊन पाहिला. तिघांच्या पाठीवर, शेपटीवर चावे. त्यांनी तो पिंजरा तक्त्यातून काढला. उरली ती वाढ नावापुरती.

साहेब म्हणाले, बाईला काढा.

"येत्या सोमवारी नवे उंदीर येतायत," मॅडम म्हणाल्या. "हे पुन्हा झालं तर मला येऊन सांगणारं दुसरं कोण आहे इथं?"

शेवटी लेखी ताकीद निघाली. मावशींनी ती दोनदा वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"चूक माझी, मान्य. पण सांगितली कुणी, ते ह्यात नाही."

साहेब घड्याळ बघत राहिले. मॅडमनी हातानंच एक ओळ वाढवली: 'चूक यांनी स्वतःहून सांगितली.' मग मावशींनी सही केली.